चेहऱ्याची तालीम : प्रस्तावना

लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि १९२० साली मुंबईत गेले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी केव्हाच संपली, तरी त्यांचा चेहरा ओळखायला कुणाला अडचण पडत नाही. पगडी, उपरणे, भरघोस मिशा आणि समोरच्यावर रोखलेली नजर. हा चेहरा आपल्यापर्यंत दोन वाटांनी आला. एक वाट छापखान्याची : पाठ्यपुस्तकातले चित्र, दुकानात टांगलेले कॅलेंडर, शाळेच्या भिंतीवरची तसबीर, मासिकाचे मुखपृष्ठ. दुसरी वाट तैलचित्राची. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले त्यांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले. दुसऱ्या वाटेवरच्या चित्रकारांची नावे कलेच्या इतिहासात नोंदली गेली. पहिल्या वाटेवरची बहुतेक नावे छापील कागदाबरोबर रद्दीत गेली.

प्रस्तुत पुस्तक अशा चित्रकारांविषयी आहे, जे या दोन्ही वाटा चालले. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी जाहिराती, पोस्टर, कॅलेंडर, कथाचित्रे आणि मुखपृष्ठे करण्यात घालवली आणि नंतर इझलसमोर उभे राहून, समोर माणूस बसवून, अभिजात पद्धतीचे व्यक्तिचित्र रंगवायला घेतले. त्यांच्याविषयी आपल्याकडे एक ठरीव गोष्ट सांगितली जाते. बिचाऱ्याला पोटासाठी बाजारू कामे करावी लागली, परिस्थिती सुधारली तेव्हा कुठे तो खऱ्या कलेकडे वळला. ही गोष्ट मला चुकीची वाटते आणि पुस्तकाच्या लेखकांनाही ती मान्य नाही. आमचे म्हणणे असे, की मराठी मुलखातल्या व्यक्तिचित्रणाला छापखान्याने जी तालीम दिली ती कलाशाळेच्या वर्गातही पुरी मिळत नव्हती. बोधचित्रे करणारा माणूस व्यक्तिचित्राकडे वळतो तेव्हा तो पूर्वायुष्य टाकून येत नाही, ते सोबत घेऊन येतो. त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, यावर त्याच्या पुढच्या कामाची प्रत ठरते.

विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्या वाचकासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथे युरोपीय अकादमींची शिस्त आली : आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेलवरून, मग रंग. प्रमाण, छायाप्रकाश, शरीररचना आणि यथार्थदर्शन यांवर उभ्या असलेल्या या पद्धतीला या पुस्तकात अभिजात म्हटले आहे. पेस्तनजी बोमनजी, एम. एफ. पिठावाला, ए. एच. म्युलर, गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद हे या शिस्तीतून तयार झालेले व्यक्तिचित्रकार. त्यांचे आश्रयदाते होते संस्थानिक, पारशी शेटिये, न्यायाधीश आणि गव्हर्नर. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तिची प्रदर्शने भरू लागली आणि पदक मिळालेल्या चित्रकाराकडे तैलचित्राची कामे येऊ लागली.

त्याच काळात दुसरीकडे छापील चित्राचा संसार मांडला जात होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. देवादिकांबरोबर मराठ्यांच्या इतिहासातली माणसेही शिळाछापातून घरोघर पोचू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला. दरबारात व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या नामवंत चित्रकाराने स्वतःची चित्रे आण्यांच्या भावात लोकांच्या हाती द्यावीत, ही तेव्हा मोठीच घटना होती. कोकणातल्या माजघरात लक्ष्मी आणि सरस्वती ज्या रूपात स्थिरावल्या ते रूप या छापखान्याने दिले. तैलचित्र आणि छापील चित्र यांच्यात आज जी भिंत मानली जाते ती रविवर्म्याच्या मनात नव्हती, हे इथेच लक्षात ठेवावे.

महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या मनातही ती नव्हती. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त दाखल झाले आणि पुढची चार दशके तिथेच शिकले व शिकवत राहिले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. पण त्याच हाताने त्यांनी पोस्टकार्डे केली, पोस्टर केली, ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी आणि किंकेडच्या दख्खनी कहाण्यांसाठी चित्रे काढली. बाजारात, देवळात, लग्नात दिसणारी माणसे टिपण्याची त्यांची सवय या कामातून वाढली. त्यांच्या मोठ्या तैलरचनांत गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा असतो. इतके चेहरे एका मनात साठतात कसे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकचित्रांत मिळते.

कोल्हापूरची परंपरा याहून वेगळी. तिथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले बंधू नाटकाचे पडदे रंगवत मोठे झाले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवली. कलाशाळेचे शिक्षण नसताना त्यांनी तैलरंगातली व्यक्तिचित्रेही तितक्याच अधिकाराने केली. या गावात पडदा, पोस्टर, पुतळा आणि व्यक्तिचित्र ही एकाच कारखान्यातली कामे होती. त्याच मातीतले जी. कांबळे सिनेमाची भव्य पोस्टर रंगवून नावारूपाला आले, ‘मुघल-ए-आझम’पर्यंत त्यांचा हात पोचला. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले शिवाजी महाराजांचे चित्र त्यांचेच. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत आपण जो चेहरा पाहतो तो सिनेमाच्या पोस्टरवर हात बसलेल्या चित्रकाराने रंगवला आहे.

१९३० नंतर मुंबईत या व्यवसायाला नवे बळ आले. बोलपट आला, गिरण्यांचे कापड, साबण, औषधे आणि विमा कंपन्या यांच्या जाहिराती वाढल्या. जे. जे.मध्ये १९३५ च्या सुमारास व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. या दशकांत तीन नावे घरोघर गेली. गोव्याहून आलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, आणि कलबुर्गीहून आलेले एस. एम. पंडित. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि दिवाळी अंकाच्या चित्राला साहित्याच्या बरोबरीचे स्थान दिले. मुळगावकरांच्या एअरब्रशमधून उतरलेली देवदेवतांची तुकतुकीत कांती कॅलेंडरांतून भिंतीभिंतीवर पोचली. पंडितांनी मेट्रो सिनेमासाठी परदेशी चित्रपटांची जाहिरातचित्रे केली, ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे केली, ‘बरसात’चे पोस्टर केले. पुढे सिनेमाची कामे मागे टाकून ते पौराणिक तैलचित्रांकडे आणि व्यक्तिचित्रांकडे वळले आणि कलबुर्गीला परतले. कन्याकुमारीच्या स्मारकासाठी त्यांनी केलेले विवेकानंदांचे चित्र या प्रवासातले मोठे ठिकाण आहे.

बेळगावचे घराणे छोटे, पण कसदार. के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरात मुलांना स्केचिंगचा रियाज करावा लागे. तिथून निघालेले रवी परांजपे मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात गेले, काही वर्षे नैरोबीत काम करून आले, वास्तुचित्रे आणि बोधचित्रे यांत त्यांनी देशभर नाव मिळवले आणि उत्तरायुष्यात पुण्यात राहून चित्रनिर्मितीला वाहून घेतले. ‘ब्रश मायलेज’ या आत्मकथनात आणि इतर लेखनात त्यांनी एक मुद्दा हिरिरीने मांडला : बोधचित्रकला दुय्यम नाही, कौशल्याला कमी लेखणारी कलासमीक्षा समाजाला चित्रापासून तोडते. त्यांची सगळी मते पटली पाहिजेत असे नाही. पण व्यावसायिक चित्रकाराने स्वतःच्या कामामागचा विचार इतक्या विस्ताराने मराठीत मांडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

आता मुख्य प्रश्न. छापखान्याने या चित्रकारांना नेमके काय शिकवले?

पहिला धडा लाइन ब्लॉकचा. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या या ठशात काळे आणि पांढरे एवढेच उमटे, मधली करडी छटा उमटत नसे. त्यातून कागद हलका असला की शाई पसरे आणि बारीक रेषा बुजून जात. त्यामुळे कथाचित्र काढणाऱ्याला चेहऱ्यावरची सावली दोन-तीन ठाम आकारांत बसवावी लागे. भुवईखालचा खळगा, नाकाची बाजू, हनुवटीखालचा अंधार. कुठली सावली ठेवायची आणि कुठली गाळायची याचा निर्णय कुंचला टेकण्याआधी झालेला हवा. तैलरंगातल्या व्यक्तिचित्राची पहिली पायरी हीच असते. उजेडाचे आणि सावलीचे मोठे आकार आधी पक्के करायचे, तपशील नंतर. दलालांची दोन रेषांत उभी राहणारी आकृती पाहिली की ही तालीम किती कडक होती ते कळते.

दुसरा धडा पोस्टरचा. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला नट ओळखू आला पाहिजे. चौकटी आखून चेहरा माणसाच्या उंचीपेक्षा मोठा करताना चित्रकाराला उमगते, की साम्य पापण्यांच्या केसांत नसते. ते कवटीच्या घडणीत असते, कपाळ आणि केसांच्या सीमेत असते, डोळे आणि तोंड यांच्यातल्या अंतरात असते. हे ज्याला कळले तो नंतर लहान कॅनव्हासवरही उगाच तपशिलात अडकत नाही.

तिसरा धडा कथाचित्राचा. चित्रकाराला हस्तलिखित वाचून त्यातला एक क्षण निवडायचा असतो आणि तो मॉडेलशिवाय उभा करायचा असतो. पदर सावरणारा हात, उंबऱ्यात थबकलेले पाऊल, बोलता बोलता वळलेली मान. शरीर कसे बोलते याचा साठा अशा हजारो चित्रांतून होतो. व्यक्तिचित्रात हात रंगवताना भलेभले अडखळतात, कथाचित्रांत मुरलेला चित्रकार सहसा अडखळत नाही.

चौथा धडा वेळेचा. अंक अमुक तारखेला निघणार म्हणजे चित्र त्याआधी प्रेसमध्ये गेलेच पाहिजे. मन लागत नाही, प्रेरणा नाही, अशी सबब तिथे चालत नाही. व्यक्तिचित्रातही वेळ मोजकाच असतो : बैठक देणारा माणूस तासाभरात थकतो आणि उत्तरेच्या खिडकीतला उजेडही बदलतो. तेव्हा निर्णय लवकर घेण्याची सवय कामी येते.

याच्याही पलीकडचे एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे व्यक्तिचित्रांची मागणी बहुधा माणूस गेल्यावर येते. शाळेचे संस्थापक, बँकेचे पहिले अध्यक्ष, वाचनालयाचे देणगीदार, घरातले आजोबा. चित्रकाराच्या हाती येतो एखादा पिवळा पडलेला फोटो, बऱ्याचदा नुसता खांद्यापर्यंतचा, आणि नातेवाइकांच्या चार आठवणी. त्यातून पूर्ण शरीर, बसण्याची ढब, कपड्यांच्या चुण्या, हात आणि सगळ्यावर पडणारा एक सुसंगत उजेड निर्माण करायचा. ही करामत फक्त मॉडेलवरून शिकलेल्याला अवघड जाते. जो न पाहिलेले दृश्य रोज कागदावर उभे करत आला, त्याच्या ती हातची असते. टिळक गेले तेव्हा देऊसकर शाळकरी वयाचे होते. शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर समकालीन चित्र कोणते, हाच प्रश्न इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्या संशोधनानंतर नीट सुटला, आणि त्या जुन्या लहान चित्रांवरून आजच्या माणसाला जिवंत वाटेल असा चेहरा घडवायला कल्पनेची शिस्त लागते. मराठी समाजाने आपल्या पूर्वजांचे जे चेहरे मनात धरले आहेत, त्यांतले कितीतरी या शिस्तीतून आले आहेत.

पण छापखान्याने काही खोडीही लावल्या. त्यांच्याविषयी हे पुस्तक गप्प राहत नाही, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. कॅलेंडरला सुंदर चेहरा लागतो, म्हणून सगळ्या देवींचे नाक एकसारखे होते आणि सगळ्या वीरांचे डोळे सारख्याच तेजाने चमकतात. पोस्टरला भावना मोठ्याने सांगावी लागते. छपाईत आकृती उठून दिसावी म्हणून कडा धारदार ठेवाव्या लागतात. ग्राहकाला खूष करण्याची सवय इतकी अंगवळणी पडते, की सुरकुती दिसली तरी हात ती आपोआप पुसतो. अशा सवयी घेऊन आलेला चित्रकार समोर बसलेल्या माणसाला पाहतो, पण रंगवतो आपल्या मनातला साचा.

अभिजात व्यक्तिचित्र याच्या उलट मागणी करते. खऱ्या चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. एक पापणी किंचित खाली असते, तोंडाचा एक कोपरा जुन्या सवयीने दबलेला असतो. बैठक सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास माणूस ठेवणीतला चेहरा घेऊन बसतो, मग तो गळून पडतो आणि खाली विश्रांतीचा, कंटाळ्याचा किंवा काळजीचा चेहरा दिसू लागतो. चित्रकाराला तो दिसण्याची वाट पाहावी लागते. कपाळावर, गालावर आणि हनुवटीवर कातडीचा रंग वेगळा असतो. कुठे कड पार्श्वभूमीत विरघळू द्यायची आणि कुठे धरून ठेवायची, हे प्रत्येक चेहऱ्यागणिक नव्याने ठरवावे लागते. कॅलेंडरचा यशस्वी चित्रकार ही सगळी विद्या उतारवयात पुन्हा विद्यार्थी होऊन शिकतो, तेव्हा त्याने पत्करलेला धोका मोठा असतो. चालते काम, ठरलेले पैसे आणि लोकांना आवडलेली शैली, तिन्ही तो पणाला लावतो.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत एव्हरेट रेमंड किन्स्टलर १९४० च्या दशकात पोरवयात कॉमिक्सच्या धंद्यात शिरला, स्वस्त मासिकांची आणि पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवत राहिला आणि नंतर व्यक्तिचित्रांकडे वळला. व्हाइट हाउसमधली फोर्ड आणि रेगन या राष्ट्राध्यक्षांची अधिकृत चित्रे त्याची आहेत. छापील चित्रांच्या वर्षांची त्याला कधी लाज वाटली नाही. तिथल्या समाजाने बोधचित्रांची संग्रहालये उभारली, मूळ चित्रे जपली, त्यांवर ग्रंथ लिहिले. आपल्याकडे मुखपृष्ठाचे मूळ चित्र छपाईनंतर प्रेसच्या माळ्यावर पडून राही आणि एखाद्या पावसाळ्यात संपे.

आपल्याकडे या कामाची उपेक्षा होण्यामागे आणखी कारणे आहेत. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि व्यक्तिचित्रांचा मोठा आश्रय संपला. कॅमेरा स्वस्त झाला. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि चित्रकलेची चर्चा आकार, अवकाश व आत्माविष्कार यांच्याकडे वळली. त्या चळवळीने भारतीय कलेला मोठी झेप दिली, हे मान्यच करायला हवे. तिच्यातल्या एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीत सिनेमाची होर्डिंग रंगवली होती. पण तिच्या प्रभावाखाली साम्य साधणे म्हणजे कारागिरी आणि कारागिरी म्हणजे कलेहून कमी, असे समीकरण रूढ झाले. व्यावसायिक चित्रकाराला त्यात जागा उरली नाही आणि व्यक्तिचित्रकारालाही. तरी धागा तुटला नाही. देऊसकरांनी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी केलेली बालगंधर्वांची भव्य चित्रे लाखो प्रेक्षकांनी पाहिली आहेत. सुहास बहुळकर यांच्यासारख्यांनी कुंचल्याबरोबर लेखणीही धरली, त्यांच्या संपादनातून दृश्यकलेचा चरित्रकोश उभा राहिला. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेही पत्नीच्या चित्रासाठी.

पुस्तक रत्नागिरीतून निघत आहे, त्याला कारण आहे. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतच होता आणि त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला गिरणीकामगार, शिक्षक, छापखान्यातले जुळारी जसे दिले तसे चित्रकारही दिले. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर मुंबईत गेले, १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि पिढ्या घडवल्या. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. जे. जे.चे अधिष्ठाता झालेले प्र. अ. धोंड यांनी कोकणचा समुद्र जलरंगात असा धरला की पुढच्या चित्रकारांना त्यांचा प्रभाव टाळणे कठीण गेले. एम. आर. आचरेकरांनी व्यक्तिचित्रे आणि रेखाटन यांबरोबर ‘आवारा’ आणि ‘कागज के फूल’ यांचे कलादिग्दर्शनही केले. उपयोजित काम आणि अभिजात काम एका माणसात सुखाने नांदू शकते, याचा हा कोकणी दाखला आहे.

आणि तरीही एक उणीव राहिलीच. कोकणचा समुद्र, माड, कौलारू घरे आणि लाल माती चित्रांत भरपूर आली, कोकणचा माणूस मात्र कमी आला. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव करणारी बाई, नमन-खेळ्यातला मृदंगवाला, शिमग्यात पालखी खांद्यावर घेणारा मानकरी, आंब्याच्या बागेत राबणारा गडी, हे चेहरे निसर्गचित्रात ठिपक्याएवढे दिसतात. त्यांना बैठक देऊन, त्यांच्या नावासह, पूर्ण मानाने रंगवलेली चित्रे शोधावी लागतात. व्यक्तिचित्र हा राजेरजवाड्यांचा आणि संस्थापकांचाच हक्क आहे ही समजूत मोडायची तर कोकणात तिला वाव भरपूर आहे.

आज हे सगळे सांगण्याची गरज अधिक आहे. नाक्यानाक्यावरच्या फ्लेक्सने रंगाऱ्याचा धंदा आधीच नेला होता. आता संगणकाला चार ओळी सांगितल्या की मुखपृष्ठ तयार होते आणि त्यातला चेहरा दोषरहित असतो, कारण तो कुणाचाच नसतो. देवरुखला आणि चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालये आहेत, तिथे खेड्यापाड्यांतली मुले चित्रकला शिकतात. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आणि तातडीचा आहे : हाताने चित्र काढून जगता येईल का? त्यांना आदर्श म्हणून बहुधा एकच चित्र दाखवले जाते, मोठ्या शहरातल्या दालनात लाखोंना विकल्या जाणाऱ्या कलावंताचे. या पुस्तकातली माणसे त्यांना दुसरा आदर्श देतात. मागणीनुसार काम करायचे, वेळेत द्यायचे, त्यातच हात आणि नजर घडवायची आणि योग्य वेळी त्या कौशल्याला अधिक खोल प्रश्न विचारायचा. समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाकडे तासन् तास पाहणे आणि त्याच्याविषयी खरे बोलणे हे काम यंत्राने केलेल्या सरासरी चेहऱ्याने भागत नाही. म्हणून व्यक्तिचित्राला पुढेही जागा राहील, असे मी खात्रीने म्हणतो.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. लेखकांनी चरित्रांची माळ ओवलेली नाही. प्रत्येक चित्रकाराचे छापील काम आणि तैलचित्र त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आहे आणि एकातले दुसऱ्यात काय उतरले ते रेषा, सावली, कडा आणि हात दाखवून सांगितले आहे. मोठेपणाची विशेषणे त्यांनी काटकसरीने वापरली आहेत. ब्लॉक कसा करत, रंग कसे कालवत, बैठक कशी ठरत, मानधनाची बोलणी कशी होत, हे कारागिरीचे तपशील मात्र मोकळ्या हाताने दिले आहेत, कारण जुने चित्रकार आणि छापणारे गेले की ही माहिती त्यांच्याबरोबर जाते. ज्याला चित्रकलेची परिभाषा माहीत नाही त्यालाही हे पुस्तक वाचता यावे आणि ज्याला ती माहीत आहे त्याला त्यात वाद घालण्याजोगे काही मिळावे, असा दुहेरी हेतू त्यामागे आहे. सगळ्या परंपरांना न्याय मिळाला, असा दावा लेखक करत नाहीत. विदर्भ, मराठवाडा आणि गोवा यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवेत, आणि स्त्री-चित्रकारांचा शोध तर आता कुठे सुरू होतो आहे. अंबिका धुरंधरांसारख्या जे. जे.त शिकलेल्या चित्रकर्तीचे नाव किती वाचकांना माहीत असेल?

वाचकाला एक विनंती करून थांबतो. पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावातल्या वाचनालयात, शाळेत, नगरपालिकेत किंवा देवस्थानाच्या कचेरीत जा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, इतकी जुनी नसली तरी भिंतीवर तसबिरी असलेली संस्था प्रत्येक गावात असते. त्या तसबिरींच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही शोधा, नाव आणि साल टिपून ठेवा. ओल लागत असेल, बुरशी धरत असेल तर विश्वस्तांना सांगा. देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात जाऊन मूळ चित्र आणि छापील प्रत यांतला फरक डोळ्यांनी पाहा. घरात जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा असेल तर तो रद्दीत घालू नका. आणि ऐपत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या हयातीत एखाद्या स्थानिक चित्रकारापुढे बसवा. चित्रकाराला काम मिळेल, आणि पुढच्या पिढीला आपला माणूस फोटोवरून अंदाजाने रंगवून घ्यावा लागणार नाही.